मेणाच्या पेन्सिलीच्या खुणा

शेफील्ड, रविवार

प्रिय डेझ,

शेवटच्या कार्यक्रमाला तू चक्क नकार दिलास, असं नेव्हिल म्हणाला. 'ग्रे फाउंड्री'चा निरोप आणि तू नाहीस? असला निरोप हवाय कुणाला!

तुझ्या आईच्या मागच्या खोलीत आपण तिघांनी हा बँड काढला. तुझी पोलादाच्या कारखान्यातली नोकरी नुकतीच गेलेली, आणि तू सिंथेसायझर घेऊन आलास. चहा आणता आणता आई म्हणायची, "अरे, गिटार शिकायची सोडून हे टेलिफोन एक्स्चेंज कशाला आणलंस घरात?" त्या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. सापडलेला आवाज पुन्हा मिळावा म्हणून प्रत्येक बटण कुठवर फिरवायचं याची तू मेणाच्या पेन्सिलीनं बारीक खूण करायचास. आपलं पहिलं गाणं देशभर वाजलं ते त्या आवाजामुळे. माझ्या गळ्यामुळे नव्हे, हे तेव्हा मी मेले तरी कबूल केलं नसतं.

मग लीड्सचा तो कार्यक्रम. ऐन मंचावर तुला दिसलं, खुणाच नाहीत! यंत्रातून डास गुणगुणल्यासारखं काहीतरी निघालं, लोक खो-खो हसले. नेव्हिल उखडला, "तुझं डोकं कुठे असतं रे?" "गाडीतून उतरवताना माझ्याच कोटाला घासल्या असतील," एवढंच तू बोललास. महिन्याभरात बँड सोडून हल शहरात टीव्ही दुरुस्त करायला गेलास. आम्ही दुसरा वादक घेतला, जर्मनी-जपान पालथं घातलं, तीन रेकॉर्ड काढल्या. पुढे आमच्या केसांचे फुगे बसले, तसा रेकॉर्डचा खपही बसला. आता नेव्हिलचे गुडघे वाजतात, तेही तालात नाही.

"एकदा तुम्हाला तोंडघशी पाडलं, पुन्हा नको," असं तू त्याला म्हणालास म्हणे. डेझ, तू नाही रे पाडलंस. त्या दुपारी फोटोवाले येणार होते. यंत्र मळकट दिसतंय म्हणून मी फडक्यानं घासघासून ते लख्ख पुसलं. खुणा दिसत होत्या, पण वाटलं, तुला एव्हाना पाठ असतील. तू सगळ्यांसमोर दोष अंगावर घेतलास आणि मी गप्प बसले. भ्याले. बेचाळीस वर्षं भ्याले. काल नेव्हिलला सांगितलं. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण कार्यक्रमाला ये. आला नाहीस तर मंचावरून मी आधी हे सगळं लोकांना सांगेन, मगच गाईन.

तुझीच,
ॲव्हरिल