दुसरा गिअर आता सटकत नाही

अहो,

गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. आठवडाभर व्हॅनखाली पाठ घासलीत, आज लोळा खुशाल. व्हॅन मी नेली आहे, शोधत फिरू नका.

काल पाण्याच्या टाकीच्या चढावर नेऊन पाहिली. पूर्वी दुसरा गिअर टाकला की दांडा दाबून धरावा लागायचा, नाहीतर खाडकन सटकून न्यूट्रलला यायचा. काल हात काढून घेतला तरी जागचा हलला नाही. नव्या बेअरिंगमुळे घरघरही गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अख्खा गिअरबॉक्स खोलून बसलात तेव्हा जे बोलले, ते परत घेते. टेबलाला ऑइलचा वास मात्र अजून येतोय.

लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून तुमचं एकच पालुपद, "तिच्या घराचा चढ या व्हॅनला जमायचा नाही." मी कधी वाद घातला नाही. आता जमेल. आणि ते तुमच्याच हातांनी जमवलंत, म्हणजे मनात होतंच.

तिला आणि जावईबापूंना जेवायला घेऊन येते. मघाशी फोनवर म्हणाली, "बाबांना माहीत आहे का?"

मी म्हटलं, "मग गिअरबॉक्स कुणी बांधला?"

मग म्हणाली, "लवकर ये."

तेव्हा दाढी करून ठेवा. नखांतलं ग्रीस राहू दे, तिला दिसू दे.