दाराबाहेरचा धूर

ता. ३ एप्रिल

चि. भिंगरीस ताईचे अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. दोन ओळींच्या चिठ्ठीला पत्र म्हणत नाहीत.

वि. वि. वॉर्डात नर्सना फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे तुझं अक्षर सुधारेल अशी आशा होती. ती सोडली. इथे गल्ली सामसूम. रुग्णवाहिका आली की खिडक्या बंद होतात, गेली की पडदे हलतात. मी आणि अण्णा दिवसभर मास्क शिवतो. हे काही शिंप्याचं काम नव्हे, अशी त्यांची कुरकुर चालू असते, पण मशीन सोडत नाहीत.

काल माझी फजिती झाली. दारावर कापड घेताना नेहमीसारखा धागा जाळून वास घेतला आणि सुती समजून अख्खा तागा घेतला. निघालं नायलॉन! जळक्या प्लास्टिकचा वास अण्णांना आतल्या खोलीत आला, मला नाकाखाली नाही. लेकीला जन्मभर शिकवलेलं पाण्यात गेलं म्हणून ते इतके हसले, की ठसका लागला.

लोभ आहेच, चार ओळी जास्त लिहून तो टिकव.

तुझी ताई

ता. ५ एप्रिल

ती. ताईस सा. न.

वि. वि. पत्र वाचून हसू आलं नाही. ताई, वास जाणं ही या आजाराची खूण आहे. तुझं निभेल, पण अण्णांच्या छातीला हे झेपणार नाही. त्यांच्या वयाची माणसं इथे चालत येतात. पुढचं लिहीत नाही.

त्यांना आजच आतल्या खोलीत ठेव, दार लाव, ताट उंबऱ्यावर ठेव. ऐकणार नाहीत, म्हणून शिकवणी लावल्याचं सांग. रोज सकाळी दाराच्या फटीशी धागा जाळ, त्यांनी आतून कापड ओळखायचं. मास्तरकीची हौस दांडगी, लगेच तयार होतील. चुकले, तर त्याच घटकेला औषधांच्या गाडीवाल्याबरोबर कळव. खाटेचं मी बघते.

तुझ्यावर रागावलेय. भांडायला तरी धड राहा.

तुझीच भिंगरी

ता. ९ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. माझा ताप उतरला. तोंडाला चव नाही, म्हणजे माझ्या हातचं जेवायला मीच योग्य, असं अण्णांचं मत. पहिल्या दिवशी त्यांनी रेशीम ओळखलं, वर विचारलं, कुणाचे केस जाळतेस. मग लोकर ओळखली आणि फी मागितली.

आज नायलॉन जाळलं. काळा धूर फटीतून आत जाताना दिसला. दाराला कान लावला, तर ते श्वास ओढत होते, पुन्हा पुन्हा, जोर लावून. मग अगदी ऐटीत म्हणाले, सुती आहे, चांगलं सुती, आता चहा आण.

मी म्हटलं, बरोबर.

त्यांची पिशवी भरली आहे, तू खाटेचं बघ. गाडीवाला दारात उभा आहे, म्हणून आवरतं घेते. तुझ्याकडे पोचले की सांगतीलच, एकही कापड चुकलो नाही म्हणून. हो म्हण.

तुझी ताई