वाटीतला कसुंबा

प्रिय खंगार,

काल मेहाजी चारणाने तुझ्या हाती दिलेलं पत्र माझ्याच अक्षरात आहे, पण ते माझं नाही. 'भाऊराया, गडाच्या दाराशी ये, कसुंबा घेऊन वैर मिटवू,' असं ठाकूर सांगत गेले आणि मी लिहीत गेले. यांना वाचता येत नाही, म्हणून चारणाकडून ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं, मी मध्येच काही घुसडलं तर नाही ना हे बघायला. हे पत्र मात्र मी एकटी बसून लिहितेय. धापू कुंभारीण तुमच्या छावणीत माठ विकायला येते, तिच्या हाती पाठवतेय. वाचलंस की जाळ.

तुम्ही वेढा घातल्यापासून गडावर कुणाचा कुणावर भरवसा राहिलेला नाही, आणि माझ्यावर तर मुळीच नाही. माझा सख्खा भाऊ बादशहाच्या निशाणाखाली उभा आहे म्हटल्यावर लोकांना तरी काय बोल लावायचा? मी सज्ज्यात ओढणी वाळत घातली तरी पहारेकरी विचारतात, ही खूण कुणाला? माझ्या हातची बाजरीची पातळ राब हे आधी मांजराला घालतात. मांजर चांगलं बाळसं धरून आहे, बाकी आम्ही सगळे वाळलो. सासूबाई तर येताजाता म्हणतात, "सुनेचं माहेर तंबूत आणि सासर तटावर. हिची मान कुठे वळते ते बघत राहा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले होते. आता खरंच मान वळते की काय म्हणून मीच स्वतःवर पाळत ठेवते.

ते पत्र लिहिताना मी सहज विचारलं, कसुंबा कुणाच्या ओंजळीतून द्यायचा? हे तटाकडे बघत म्हणाले, "वाटीतून देऊ. ओंजळीतून फार सांडतं, आणि पाण्याची टंचाई आहे." माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. आमच्या लग्नात यांनी अख्ख्या वऱ्हाडाला ओंजळीने कसुंबा पाजला होता. कोपरापर्यंत ओघळ येत होते आणि हे हसत होते. तो माणूस आज थेंब मोजायला लागला! ज्याला आपल्या ओंजळीतून अफूचं पाणी पाजलं त्याच्यावर हात उगारायचा नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वाटीने मात्र कुणी बांधलं जात नाही. आपल्या वडिलांनी, बापूसांनी, शिवेच्या भांडणात जैतमालाच्या ओंजळीला तोंड लावलं होतं. पुढे आयुष्यभर दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या, पण रानात एकटे गाठ पडले तेव्हा जैतमालाने मान फिरवून घोडा बाजूला घेतला. ठाकुरांना तशी मान फिरवायची नाही, म्हणून वाटी.

पण तू लगेच मिशीला पीळ देऊ नकोस. तुझा निरोप काय होता? दार उघडा, बायकामुलांना मी सुखरूप माझ्या गावी पोचवतो, आणि शब्दाची खूण म्हणून अफूची चांदीची डबी पाठवतो. डबी! स्वतः येऊन ओंजळ पुढे करतो असं कुठे म्हणालास? लहानपणी आपण गुळाच्या पाण्याचा कसुंबा खेळायचो. मी तोंड खाली नेलं की तू बोटं फाकवायचास, पाणी माझ्या घागऱ्यावर सांडायचं, आणि वर म्हणायचास, प्यायलीस कुठे, मग शपथ कसली! तेव्हा मी तुला बदडून काढत होते. आता तू बादशहाचा सरदार आहेस. डबी तुझी असेल, पण बोटं तुझी आहेत की त्याची, हे मला इथून दिसत नाही.

म्हणजे एक वाटी पुढे करतो आणि दुसरा डबी, आणि दोघंही मला सांगतात की माझ्यावर विश्वास ठेव. आवारात आम्हा बायकांसाठी चंदनाची लाकडं रचून ठेवली आहेत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलतही नाही. माझी अजबू मात्र त्यांच्यावर चढून खेळते. तिचे दुधाचे दात पडायला लागलेत. मी यांना म्हटलं, आपण काय करायचं ते करू, पोरीला तरी बाहेर काढा. हे म्हणाले, "गडाची लेक गडासोबत." यांचा जीव नाही तिच्यावर असं नाही रे. रात्री तिच्या उशाशी बसून राहतात, मी बघते. पण शब्द मागे घ्यायला यांना येत नाही.

म्हणून सांगते, दाराशी येऊ नकोस. ताप आलाय, घोड्याने पाडलंय, काय वाटेल ते मेहाजीला सांग. मी कळवलं हे मात्र कुणाला कळू देऊ नकोस. मी स्वतः येणार नाही. पळाले तर सासूबाई खऱ्या ठरतील, हे एक. आणि दुसरं, यांनी माझ्यावर कितीही संशय घेतला तरी शेवटी यांना एकटं सोडवत नाही मला.

हे पत्र देणाऱ्या धापूचा पदर धरून एक पोर उभी असेल. तुमच्या शिपायांनी विचारलं तर धापूकडे बोट दाखवून ती 'आई' म्हणते. मीच शिकवलंय, चुकली तेव्हा मारलंयही. ती धापूची नाही, अजबू आहे. तुझ्यावर विश्वास बसला म्हणून पाठवलेली नाही. दुसरं कुणी उरलंच नाही, म्हणून पाठवली. मामाबद्दल मी तिच्याजवळ आजवर एकही बरा शब्द बोललेली नाही, तेव्हा ती आधी तुला घाबरेल. तिला जवळ घे, आणि तुझ्यात जे काही चांगलं उरलं असेल ते तूच तिला सांग.

तुझीच थोरली,
लाछकंवर