हलक्या धक्क्याची बंदूक

सँडहिल्स, नेब्रास्का
११ फेब्रुवारी

चि. ऑरिनास व्हर्लीनताईचे अनेक आशीर्वाद.

इथे परवापासून बर्फ पडतंय. टेकड्या पांढरं पांघरूण घेऊन झोपल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्याकडे बघता बघता मलाही खिडकीशीच डुलकी लागते. मर्लला जाऊन, मी विधवा होऊन, हा दुसरा हिवाळा, पण अर्धवट झोपेत तो अजून मेंढ्यांना हाका मारत टेकडी चढताना दिसतो. मी त्याला थांबवत नाही.

आता कामाचं. कोयोट फार माजलेत. कोल्ह्यासारखे दबकत येतात आणि अख्खं कोकरू उचलून नेतात. मर्लची मोठी रायफल एकदा झाडली, तर ऑपरेशन झालेला खांदा आठवडाभर शेकत बसले. जोलीन म्हणते, आई, बंदूक पेलत नसेल तर मेंढ्या विक आणि माझ्याकडे राहायला ये. लेकीशी वाद घालून दमले. शेवटी कबूल केलं की या वसंतात कोकरं राखता आली नाहीत, तर हे घर सोडेन.

दुकानदार सांगतो, पिस्तुलाचीच काडतुसं चालणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घ्या, धक्का अगदी हलका. पण त्याला काय, माल खपवायचाय. तू जन्मभर बंदुका दुरुस्त केल्यास, तूच सांग. ओमाहातली तुझी नवी खोली कशी आहे तेही कळव. जेवण वेळेवर घे. माया आहेच, ती कागदावर किती मांडू?

तुझी,
ताई

ओमाहा
१७ फेब्रुवारी

ती. व्हर्लीनताईस, सा. न. वि. वि.

दुकानदार बनेल असेल, पण खोटं बोलला नाही. कार्बाइनचा दस्ता खांद्याला टेकतो, त्यामुळे पिस्तुलासारखा हात हलत नाही. काडतूस लहान, म्हणून धक्काही लहान. मर्लच्या पिस्तुलाची काडतुसं तुझ्या कपाटात पडून आहेत, तीच हिला चालतील. आणि घरात झाडायची वेळ आलीच, तरी रायफलइतक्या कानठळ्या बसणार नाहीत.

आता दुसरी बाजू. ती दिसते तेवढी हलकी नसते, आतला लोखंडी ठोकळा वजनदार असतो आणि गोळी भरताना तो मागे ओढायला जोर लागतो. पिस्तूल एका हातात धरून दुसऱ्या हाताने दार उघडता येतं, हिला दोन्ही हात लागतात. आणि मुख्य म्हणजे गोळीत दम कमी. तुझ्या कुंपणाच्या पलीकडे गेली की ती खाली येऊ लागते. लांबचा कोयोट नुसता जखमी होईल आणि चार दिवस तडफडेल. ते पाप घेऊ नकोस. बारीक नळीची खरी रायफल लांब मारते आणि धक्काही फार देत नाही, पण तिचा आवाज भयंकर. माझं मन अजून इकडेतिकडे होतंय.

हे लिहिता लिहिता दुपार सरली, हे फार बरं झालं. इथल्या दुपारी लांबलचक असतात. इमारतीत बंदुकीला बंदी आहे, म्हणून माझी दुरुस्तीची सगळी हत्यारं खोक्यांत बांधून ठेवलीत. खोली छान आहे. कागद संपला. दस्त्याच्या लांबीबद्दल उद्या लिहीन. धाकट्यावर आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
ऑरिन

सँडहिल्स
६ एप्रिल

चि. ऑरिनास अनेक आशीर्वाद.

कार्बाइन घेतली. दूध पिणाऱ्या कोकराने ढुशी दिल्याइतकाच धक्का खांद्याला बसतो.

पहिल्याच आठवड्यात कोयोट आला आणि लांबच्या टेकडीवर बसून राहिला. धुक्यात तो खरा की स्वप्नातला, तेही कळेना. चाप ओढायला बोट शिवशिवलं, पण तुझं पत्र आठवलं. म्हणजे लांबचं कुरण आपलं नाही, हे कबूल करणं आलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्यांना बोलावून मेंढ्यांचा वाडा उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणला. गोळी पोचेल तेवढंच राखायचं. मर्ल असता तर हसला असता.

मग एका पहाटे क्रौंचांचे थवे डोक्यावरून चालले होते, सगळं आकाश कुजबुजत होतं, आणि तो थेट वाड्याशी आला. मी एकच गोळी झाडली. तो जागीच पडला. मला रडू आलं, कारण त्याचीही पिल्लं कुठेतरी असतील. पण कोकरं सगळी सुखरूप आहेत. जोलीन येऊन पाहून गेली. आता इथेच राहा म्हणाली.

आता तुझ्याबद्दल. बंदूक कशी निवडावी एवढंच मी विचारलं होतं. तुझी पत्रं येतच राहिली. दस्त्यावर एक, नळीवर एक, तेलावर तर दोन. पोस्टमनला विषय सांगितला, तर तो विचारतो, बाई, लढाईची तयारी चाललीय का? मी ती सगळी एका बैठकीत पुन्हा वाचली. एका बंदुकीवर एवढं कोण लिहितं? ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, तो. तुझी बायको, ग्रेटा, गेल्यापासून तू तिचं नावसुद्धा लिहिलं नाहीस. बंदूक मला पेलते, ऑरिन. तुला एकटेपण पेलत नाही.

खोकी घेऊन ये. मर्लच्या कामाच्या खोलीत उजेड चांगला येतो. लाज वाटत असेल तर जोलीनला सांग, ताईच्या बंदुकीचा नेम डावीकडे जातो, तो दुरुस्त करायला चाललोय. ते खरंही आहे. वाट बघते.

तुझी,
ताई

ओमाहा
१२ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

नेम डावीकडे जात असेल, तर नळीवरची नेम धरायची मागची माशी उजवीकडे किंचित सरकवायची असते. किती आणि कशी, ते पत्रातूनही नीट समजावता येतं. पण समजावत नाही. गुरुवारच्या बसने निघतो.

तुझा,
ऑरिन