गाडीने स्वतःच्याच नंबराने जगावे

मी, आर्डिथ क्लिंगमन, राहणार ब्रायर क्रीक, इंडियाना, धंदा जुन्या मोटारींच्या प्रतिकृती बांधणे, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत.

१. घर व बँकेतली शिल्लक माझा भाचा वेंडेल यास द्यावी. स्वयंपाकघराचा नळ गळतो, तोही त्याचाच.

२. वर्कशॉप, पत्रा वळवायचे चाक आणि सगळे हातोडे माझा जोडीदार कारागीर रूबेन यास. नंबर ठोकायचे पोलादी पंच त्याने कोणालाही उसने देऊ नयेत.

३. शेडमधली हिरवी मीडोलार्क मोटार. माझे वडील ऑर्व्हल मीडोलार्कच्या कारखान्यात मडगार्ड ठोकत. त्यांची स्वतःची मीडोलार्क कोठाराच्या आगीत जळाली. राखेत नंबराची पितळी पट्टी तेवढी सापडली. ही गाडी मी आणि रूबेनने नव्याने बांधली. कायद्याने प्रतिकृतीला तिचा स्वतःचा सतरा अक्षरांचा नंबर लागतो, आणि ती कोणत्या जुन्या गाडीवरून बेतली तेही त्या नंबरातून कळावे लागते. आमच्याकडे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्याशिवाय नंबर ठोकत नाहीत, आणि ठोकताना कोणी बोलत नाही.

त्या नंबरातला नववा आकडा बाकी सगळ्यांच्या हिशेबातून निघतो. कोणी एखादे अक्षर फिरवले, की बहुतेक वेळा हा चुगली करतो. पहिल्यांदा तो मी हाताने मांडला आणि जुळला, तेव्हा अंगावर काटाच आला. अहो, जगात एवढ्या गाड्या, आणि हा नंबर फक्त हिचा! त्यातच बाबांच्या गाडीची खूण. अजूनही गाडीच्या पुढच्या काचेतून तो बघते.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला वेंडेल म्हणाला, "आत्या, हिचा नंबर काढ आणि ती पितळी पट्टी लाव ना. अस्सल म्हणून दसपट किमतीला जाईल!"

"म्हणजे आत्ता ही खोटी आहे का रे?"

"तसं नाही गं. पण कुणाला कळणार आहे?"

रूबेनने भोपळ्याची गोड पाई खाता खाता शेडकडे मान वळवली. "तिला कळेल की."

त्या दिवशी मी जेवण अर्धे टाकून उठले. तरीही गाडी वेंडेललाच देते. नंबराला हात लावला, तर ती त्याच दिवशी रूबेनची.

वेंडेल, तू हुबेहूब माझ्या बाबांसारखा दिसतोस. दारात उभा राहिलास की बाबाच आले असे वाटते. पण तुला मी एकदाही ऑर्व्हल म्हणून हाक मारलेली नाही.

४. पितळी पट्टी माझ्या हातात ठेवून मगच शवपेटी बंद करावी.

साक्षीदार:
मेव्हिस स्टाउडर, शेजारीण (हिला काहीच देत नाही, म्हणून साक्षीला चालते. माझे पाई भाजायचे भांडे परत करावे.)
लॉइड बीचलर, पाद्री

सही: आर्डिथ क्लिंगमन
ब्रायर क्रीक, १४ ऑक्टोबर २०२३