किनाऱ्यावरची बर्फाची खिडकी

बाबा, तुमचा बर्फाचा कारखाना विकला जातोय. मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आलेय, काकांच्या डायनिंग टेबलपाशी बसलेय, एसी फुल, आणि बाहेर ऑगस्ट. म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, दार उघडलं की चष्मा पांढरा होतो. पेपर्स समोर आहेत. काकांची सही झालीय, तिकडच्या, आफ्रिकेतल्या लोकल पार्टनरची झालीय, राहिले मी. तुमच्यानंतर तुमचा वाटा आईकडे आला आणि आईने तो माझ्या नावावर करून टाकला, कारण तिला त्या देशाचं नावसुद्धा ऐकायचं नसतं. घेणारी कंपनी मासळी एक्स्पोर्ट करते. त्यांना सगळाच्या सगळा बर्फ त्यांच्या कोळंबीसाठी पाहिजे. म्हणजे किनाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद. जिथून मासळीवाल्या बायका घमेल्यात, बादलीत, लुगड्यासारख्या कशात तरी गुंडाळून बर्फ न्यायच्या, ती खिडकी. मी सही केली की तिथे भिंत येणार. नाही केली तर व्यवहार मोडतो आणि काका बुडतात. आधीच सगळं सांगून टाकलं, कारण तुम्हाला लांबण आवडायची नाही. ‘मुद्दा सांग, मग रड,’ म्हणायचात. मुद्दा सांगितला. रडत मात्र नाहीये.

सुरू झालं तेही ह्याच टेबलवर. मी हायस्कूलला होते, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होमवर्क केल्यासारखं करत होते. तुम्ही आणि काका, नात्यातले नाहीत पण काकाच, एकाच कंपनीत पंप डिझाइन करायचात, दुसऱ्यांच्या तेलासाठी, आणि दोघंही कंटाळलेले. काका पुण्याचे, त्यामुळे कंटाळासुद्धा मुद्देसूद. “इंडियात आता काय ठेवलंय? आपल्या आधी हजार लोक उभे आहेत. छोटा देश बघायचा. जिथे आपण पहिले.” काकू पोहे ठेवता ठेवता म्हणाल्या, “पहिले म्हणजे पहिले बुडणारे का?” सगळे हसले. काकांनी लॅपटॉपवर पश्चिम आफ्रिकेचा किनारा मोठा केला. तो देश इतका लहान होता की नकाशावर त्याचं नाव जमिनीवर मावत नव्हतं, समुद्रात लिहिलेलं होतं. काकांच्या डोक्यात रिसॉर्ट होतं. तुम्ही पोह्यातला शेंगदाणा बाजूला करत विचारलंत, “तिथे मासे किती सडतात?” कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही सुट्टी टाकून बघून आलात. आल्यावर आईला सांगत होतात, “सकाळी पकडतात आणि दुपारी वाळूत पुरतात गं. होडीच्या होडी. बर्फच नाही.”

त्या दिवशी तुम्ही आत्याच्या लग्नाची गोष्ट सांगितलीत. मला वाटतं पहिल्यांदाच. तालुक्याहून लग्नासाठी बर्फाची लादी मागवली होती, भुशात घालून, गोणपाटात बांधून. बैलगाडीवाला गावभर थांबत आला. पाटलाकडे फोडून दिली, दुकानदाराकडे फोडून दिली, सगळ्यात शेवटी आपली वस्ती. “आमच्याकडे बर्फ नाही आला,” तुम्ही म्हणालात, “ओलं गोणपाट आलं. तुझ्या आजीने ते पिळून सरबतात घातलं.” आई म्हणाली, “शी!” तुम्ही म्हणालात, “गार होतं पण.” मी वर पायरीवर. तेव्हा मला हे फनी वाटलं होतं.

मग नोकरी सोडलीत, रिटायरमेंटचे पैसे काढलेत, आणि तिकडे तुमचा कॉम्प्रेसर बंदरात अडकून पडला. पावसाळाभर. ज्या साहेबाची सही लागायची तो रजेवर, तो आला तर त्याचा शिक्का रजेवर. एकाला घरी फ्रिज पाहिजे होता. तुम्ही फोनवर काकांना म्हणत होतात, “अरे, फ्रिज दिला तर हा माझा कस्टमर कमी होतो ना!” बँकेत डॉलर नसायचे. वीज गेली की डिझेल नसायचं, डिझेल मिळालं की वीज यायची. काका इथून ईमेल टाकायचे, स्प्रेडशीटसकट. तुम्ही उत्तर द्यायचात: आज उजेड होता. आई तो ईमेल मोठ्याने वाचायची आणि मग बराच वेळ भांडी घासत राहायची, डिशवॉशर असताना.

आणि शेवटी बर्फ निघाला. त्या दिवशीच तुम्ही तो नियम केलात. एकच भाव, एकच रांग. कोळंबीवाल्या कंपनीचा ट्रक असो की डोक्यावर घमेलं घेतलेली बाई, आला तसा उभा राहा. दिवसाला जेवढ्या लाद्या गोठतात तेवढ्याच, त्या संपल्या की संपल्या. काका वैतागायचे. मी स्पीकरवर ऐकलंय. “अरे, तो डॉलरमध्ये पैसे देतोय! त्याला बादलीवाल्यांच्या मागे उभा करतोस? हा बिझनेस आहे की समाजकार्य?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “त्याला सांग लवकर उठ.” तुमची मॅनेजर तिथलीच, अकाउंट्स शिकलेली, हुशार, मोठ्याने हसणारी बाई. ती तुम्हाला पाठीमागे ‘मिस्टर लाइन’ म्हणायची. हे तिनेच मला सांगितलं, तुमच्या समोर.

कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर मी आले होते तिकडे. आठवतंय? तुमच्या ऑफिसात निळ्या कोटातला फोटो, त्याच्याखाली डिझेलचे कॅन, आणि सगळीकडे मिठाच्या पाण्याचा वास. मला बीचवर जायचं होतं, कोल्ड्रिंकचा कूलर बर्फाने भरायचा होता. मी आतल्या दाराने गेले, एक तुकडा उचलला, बस. मुठीएवढा नव्हता, ठीक आहे, मोठा होता. तुम्ही खिडकीपाशी होतात. सगळ्यांसमोर म्हणालात, “काय करून राहिली तू?” नागपूर बाहेर आलं की मला कळायचं, आता खैर नाही. मी म्हटलं, “बाबा, इट्स अवर फॅक्टरी.” तुम्ही म्हणालात, “म्हणून? ठेव ते. मागे जाऊन उभी राहा.” आणि मी उभी राहिले, बाबा, त्या उन्हात, माशांच्या वासात, रिकामा कूलर धरून. पुढची बाई वळून वळून माझ्याकडे बघून हसत होती. तिने मला पुढे यायची खूण केली. तुम्ही खिडकीतून बोट हलवलंत, नाही. मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. बर्फ मिळेपर्यंत बीचवर जायची इच्छाच गेली होती.

तुम्हाला मी संत करणार नाहीये. तिथल्या हॉस्पिटलच्या शवागारातलं कूलिंग कधीचंच बंद होतं, आणि तेही तुमच्याकडूनच बर्फ न्यायचे. त्यांचा माणूस हातगाडी घेऊन यायचा आणि तोही रांगेत. एकदा मॅनेजर म्हणाली, सर, ह्यांना तरी पुढे घेऊ या. तुम्ही म्हणालात, “मेलेल्याला घाई नसते. मासळीला असते.” मी तिथेच होते. तो माणूस हातगाडीचा दांडा धरून उभा राहिला. मला तुमचा तेव्हा राग आला होता. अजूनही येतो.

मग फोन आला. तुम्ही मशीनच्या खोलीत पडलात. हॉस्पिटलपर्यंत नेलं, पण काही उरलं नव्हतं. मी सेमिस्टर अर्धवट टाकून घरी आले तर किचनमध्ये माणसंच माणसं, आणि काका स्पीकरवर मॅनेजरशी बोलतायत. तुम्हाला इकडे आणायचे पेपर्स हलत नव्हते. वकिलातीचा एक, त्यांचा एक, एअरलाइनचा एक. आणि शवागाराचं कूलिंग, सांगितलं ना, बंद. काका म्हणाले, “सगळा बर्फ हॉस्पिटलला पाठव.” तिने विचारलं, “ऑल, सर? बोटी लागल्यायत.” काका म्हणाले, “ऑल. पेपर्स होईपर्यंत. नो लाइन.” आई चहा करत होती. तिने गॅस बंद केला. मला एवढंच वाटलं की तुम्हाला थंडी सोसत नाही, ह्यूस्टनच्या हिवाळ्यातसुद्धा तुम्ही मफलर घालायचात.

पेपर्स हलेपर्यंत एक लादीसुद्धा खिडकीतून गेली नाही. पुढे कधीतरी मॅनेजरने सांगितलं. मासळी वाळूत पुरली, पूर्वीसारखी. कुणी भांडलं नाही. बायका हॉस्पिटलच्या दारात येऊन बसल्या होत्या, तुमच्यासाठी, आणि त्यातली एक म्हणाली, मिस्टर लाइन शेवटी मध्येच घुसला की! सगळ्या हसल्या, आणि मग रडल्या, असं ती म्हणाली. इकडे तुम्ही आलात तेव्हा काकांनी आपल्या लोकांबरोबर उभं राहून वंदना म्हटली, फोनवर बघून, अडखळत. चुकत होते, पण थांबले नाहीत.

आणि नंतर कोळंबीवाला मॅनेजरकडे गेला. म्हणाला, मालकासाठी लाइन मोडते, म्हणजे मोडते. आमच्यासाठी केवढ्याला मोडेल? काकांनी इथून होकार दिला. तेव्हापासून ट्रक पहिला, उरलं तर खिडकी. कारखाना त्या वर्षी पहिल्यांदा फायद्यात आला. माझं पुढचं कॉलेज त्यातूनच झालं. आईला माहीत होतं, मलाही. आम्ही ह्यावर कधी बोललो नाही, नुसती फी भरत गेलो.

आता काकू मेमरी केअरमध्ये आहेत, स्मृती गेलेल्यांना ठेवतात तिथे. मी काल भेटले. मला त्यांनी विचारलं, पोहे झाले का? तिथल्या खर्चापायी काकांनी घर विकायला काढलंय. आज सकाळी ह्या टेबलवर ते म्हणाले, “तुझा बाबा देवमाणूस होता गं. पण देवाला बिझनेस कळत नाही.” मी म्हटलं, “काका, बाबांना देव म्हटलेलं चाललं नसतं.” ते हसले. “हो, भांडला असता माझ्याशी.” मग मी विचारलं, खिडकी ठेवा अशी अट घालता येईल का. काका म्हणाले, “विचारलं मी. मला काय वाटत नाही का? ते म्हणतात, बर्फ गोठवायची जुनी टाकी आणि खिडकी तुम्हाला देतो, तुम्ही चालवा. पण मालकांपैकी कुणीतरी तिथे राहायला पाहिजे, लायसन्स तसंच आहे. मी हिला सोडून कुठे जाऊ?” चष्मा काढून टेबलवर ठेवला. “तू जातेस का?”

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते.

मॅनेजरला व्हिडिओ कॉल केला. ती खिडकीपाशीच उभी होती, केस पांढरे झालेत तिचे. मागे चार-पाच बायका डोकावत होत्या. तिने काही मागितलं नाही. म्हणाली, “तुझ्या बाबांची खोली आहे अजून. पंखा बदललाय. येतेस?” मागून कुणीतरी काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मी विचारलं, काय म्हणाली? मॅनेजर म्हणाली, “विचारतेय, ह्या वेळी कूलर आणणार का.” मी हसले. म्हटलं, नेटवर्क खराब आहे, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

आता ह्यूस्टनच्या एअरपोर्टवर आहे, अटलांटाची फ्लाइट डिले झालीय. सही केली. काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, “हिच्यासाठी केलंस, विसरणार नाही.” आईला फोन केला तर ती म्हणाली, बरं केलंस, काकूंनी तुला लहानपणी किती सांभाळलंय, अगदी बाबांची मुलगी शोभतेस. मी म्हटलं, हं. हे लिहिलेलं मी तिला दाखवणार नाही, आणि कुणालाच पाठवणार नाही.

काकूंसाठी नाही केलं, बाबा. माझी नोकरी रिमोट आहे, तिकडे अटलांटाजवळ अल्फारेटात घरी माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही, मला जाता आलं असतं. काकांनी विचारलं, मॅनेजरनेही विचारलं. मला जायचं नव्हतं.