खडकावरचा ठिपका

कुकाओ, चिलोए बेट
७ ऑगस्ट १९६८

आई,

आधी सांगतो, मी धडधाकट आहे. थोडा खोकला आहे, तो वाऱ्यामुळे. तुझा गुडघा कसा आहे?

मंगळवारी माझ्या घरमालकीण एर्सीराबाई शेवाळ गोळा करायला गेल्या आणि परतल्याच नाहीत. होड्यांनी दुपारपर्यंत खाडी पालथी घातली. शेजारणी रडू लागल्या.

सकाळी मी कड्यावरून समुद्राचे कृष्णधवल फोटो काढले होते. काही सापडेल म्हणून स्वयंपाकघरात अंधार करून फिल्म धुतली. भिंगातून पाहिलं, तर दूरच्या खडकावर मला जो फेस वाटला होता, ती रुमाल हलवणारी बाई होती! भरतीनं त्यांची वाट बंद केली होती.

ओली फिल्म घेऊन मी होडीवाल्यांकडे धावत सुटलो. होडी त्यांना घेऊन आली तेव्हा ओठ निळे पडले होते, तरी खेकसल्या, “मेल्या, तासभर हात हलवत होते! खुशाल निघून गेलास?”

“चुकलो, बाई.”

“ते राहू दे. फोटोत जाडी दिसतेय का?”

सगळे हसले. मला मात्र रडू फुटलं, तेव्हा त्यांनीच मला थोपटलं.

आज त्यांनी बटाट्याचे मिल्काओ तळलेत, मी पाच खाल्ले. काळजी करू नकोस.

तुझा,
अन्सेल्मो